दीड हाताची उंची

माझ्या दुकानाचा एक नियम आहे. वस्तूचं काम कळल्याशिवाय ती विकायची नाही. कार्कळच्या बाजारात जुन्या वस्तूंची आणखी तीन दुकानं आहेत आणि तिथे चुन्याची डबी कुंकवाचा करंडा म्हणून खुशाल खपवतात. मी तसलं करत नाही. माझ्याकडे प्रत्येक वस्तूला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असते आणि तिच्यावर त्या वस्तूचं काम लिहिलेलं असतं. 'माडाच्या फुलोऱ्यावर ठोकायचं हाड, ताडीसाठी.' 'बाळंतिणीच्या शेकाची शेगडी.' 'पेरणीचं भात मोजायचं माप.' तीस वर्षांत फार तर पाच वस्तूंनी मला महिनाभर छळलं असेल. सहावी आली ती आटी महिन्यात.

आटी म्हणजे आमच्या मंगळूरकडचा, आषाढ-श्रावणाच्या सुमाराचा रिकामा महिना. लावणी उरकलेली, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, शुभकार्यं बंद. आटीत आमच्याकडे लग्नं होतात ती फक्त मेलेल्यांची. अशा दिवसांत गिऱ्हाईक कुठलं? पै मास्तर आणि मी दुकानात बसून एकमेकांची डोकी खात होतो. मास्तर तीस वर्षं सरकारी शाळेत होते. आता माझ्या बाकावर असतात.

माळा गावचा शेखर टेंपोतून पोतं घेऊन आला. मावशीचं जुनं घर पाडलं म्हणाला. समया, तांबे, एक फुटकं घंगाळ, आणि पोत्याच्या तळाशी ही वस्तू.

काशाचा एक पाट, जेवायच्या पाटाहून लहान. पाटाच्या मागच्या कडेला मधोमध उभी दांडी. पाटाच्या उजव्या अर्ध्या भागात दोन पावलं कोरलेली, माझ्या चार बोटांएवढी, बोटांच्या चिमुकल्या गोल खळग्यांसकट. डावा अर्धा भाग कोरा, गुळगुळीत. दांडी म्हणजे एकात एक बसवलेल्या नळ्या होत्या. वर ओढली की माणसाएवढी उंच व्हायची, दाबली की दीड हाताची. आतल्या नळ्यांवर खाचा होत्या आणि दर खाचेला दांडी 'टक' करून अडकायची.

"हे काय आहे रे?" मी शेखरला विचारलं.

"मला काय ठाऊक, देजप्पा अण्णा? मावशीच्या खोलीत कोपऱ्यात असायचं. लहानपणी हात लावला तर मार खाल्लाय मी."

"मग मावशीला विचार ना."

"तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. आता कशाला त्रास?" असं म्हणून तो घाईघाईने निघून गेला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पै मास्तरांनी चष्मा पुसला आणि वस्तूभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"समईचा खांब असणार, महाराया."

"समईला पावलं कशाला? तेल प्यायला चालत येते का ती?"

"मग देवाच्या मूर्तीचं माप. ओतारी वापरत असतील."

"ओताऱ्यांची मापं मी विकलीत मास्तर. त्यांत खाचा सारख्या अंतरावर असतात. इथे बघा, पहिल्या रुंद, मग आखूड, मधेच पुन्हा रुंद, आणि शेवटच्या तर केसाएवढ्या अंतरावर. हे माप कसलं? कोणी तरी दारू पिऊन पाडल्यासारख्या आहेत."

"तुमच्याच ताडीचा गुण," मास्तर म्हणाले. आमचं आडनाव पुजारी असलं तरी आम्ही पिढीजात ताडी काढणारे, हे ते एक दिवस विसरत नाहीत.

मी दांडी दाबून बंद केली आणि वस्तू गल्ल्याशेजारी ठेवली. माझ्या अर्ध्या मांडीपर्यंत आली. का कोण जाणे, माझा तळहात आपोआप तिच्या माथ्यावर गेला आणि तिथेच राहिला. कासं गार लागतं. हे गार नव्हतं.

घरी वेगळंच चाललं होतं. माझा मुलगा कीर्तन मंगळूरला छापखान्यात आहे. वय सव्वीस, व्यसन नाही, स्वतःची मोटारसायकल आहे. असं असून त्याचं लग्न दोनदा मोडलं. पहिल्या वेळी साखरपुड्याच्या सकाळी मुलीचा बाप न्हाणीघरात घसरून पडला, ती मंडळी अपशकुन म्हणून मागे सरली. दुसऱ्या मुलीनेच नको म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाली, तुमच्या घरी येऊन गेल्यापासून मला वाटतं की कोणी तरी माझ्याकडे बघतंय. मी म्हणालो, शेजारीण बघत असेल. माझ्या बायकोला, वारिजाला, हसू आलं नाही.

वारिजाच्या मते हे सुगंधीचं काम. सुगंधी आमची पहिली मुलगी, कीर्तनच्या आधीची. नऊ महिन्यांची असताना तापाने गेली. जगली असती तर आज एकोणतीस वर्षांची असती. आमच्याकडे असं मानतात की लहानपणी गेलेलं मूल तिकडे वाढत राहतं. लग्नाच्या वयाचं झालं की ते वाट बघतं, आणि त्याचं लग्न लावल्याशिवाय पाठच्या भावंडांचं जमू देत नाही. म्हणून त्याच्यासाठी दुसऱ्या घरचं तसंच गेलेलं स्थळ बघायचं, बैठक करायची, खुर्च्यांवर कपडे ठेवून रीतसर लग्न लावायचं. वर्तमानपत्रात जाहिरातीसुद्धा येतात. वारिजाने जाहिरात लिहून ठेवली होती. कवड्या मांडणाऱ्याकडे जाऊन आली होती. तो म्हणाला होता, तुमच्या घरात एक मुलगी कधीची उभी आहे, तिला बसायला जागा द्या.

"मी नाही करणार," मी म्हणालो होतो.

"अहो, पण का?"

"मला पटत नाही."

हे खोटं होतं. पटण्याचा प्रश्न नव्हता. लग्न लावायचं म्हणजे ती मोठी झाली असं मानायचं, आणि ते मला जमत नव्हतं. गेली त्या आठवड्यात सुगंधी नुकती धरून उभी राहायला लागली होती. माझी लुंगी मुठीत पकडायची आणि डुलत उभी राहायची. मी तिच्या डोक्यावर तळहात ठेवायचो. माझ्याकडे तिचं तेवढंच आहे. ती मोठी झाली तर तेही जाईल, अशी भीती मला वाटायची.

म्हणून दर आटीत, गेलेल्यांसाठी पानं वाढतात तेव्हा सुगंधीचं पान मी स्वतः वाढायचो. लहान वाटीत मऊ दूधभात, शेजारी एक झबलं. अठ्ठावीस वर्षं. त्यात वारिजाला मी कधी हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर दांडी एक खाच वर आलेली.

मला वाटलं काल नीट बसली नसेल. दाबली. तिसऱ्या दिवशी दोन खाचा वर. पुन्हा दाबली. चौथ्या दिवशी तीन. पै मास्तर म्हणाले, हवा दमट आहे, आत स्प्रिंग असणार. मी नळ्या बाहेर ओढून बॅटरी मारून बघितलं. आत काही नव्हतं. तेल घातलं. पाचव्या दिवशी चार.

मी भित्रा माणूस नाही. मेलेल्यांच्या वस्तूंवर माझं पोट आहे. पण रोज सकाळी कुलूप काढताना माझे कान त्या कोपऱ्याकडे लागायला लागले. रोज मी आल्याआल्या दांडीच्या माथ्यावर तळहात ठेवायचो आणि ती खाली दाबायचो, पार दीड हातापर्यंत. ती जोर करायची नाही. लहान मूल पाय मुडपून बसतं तशी बसायची.

आणखी एक गोष्ट. आटीत माझ्या दुकानात सगळ्यावर बुरशीची पांढरी साय चढते. त्या पाटावरही चढली होती, कोरलेल्या पावलांत सुद्धा. पण डावीकडचा कोरा भाग तसाच लखलखीत. मी मुद्दाम त्यावर चिमूटभर राख टाकून गेलो. सकाळी राख कडेला सरकलेली होती आणि दांडी सात खाचा वर.

दहाव्या दिवशी मास्तर घरून टेप घेऊन आले. दांडी पूर्ण ओढून त्यांनी एकोणीसच्या एकोणीस खाचा मोजल्या आणि माझ्या वहीत आकडे मांडले. मग त्या आकड्यांवरून दोनदा बोट फिरवलं.

"देजप्पा, तीस वर्षं मी शाळेत पोरांची उंची मोजलीय," शेवटी ते म्हणाले. "हे एका मुलाचं वाढणं आहे. ही पहिल्या वर्षाची खाच, ही दुसऱ्याची. ही बघ तेरा-चौदाची, मिसरूड फुटताना पोरं सटकन वाढतात ना, ती. आणि ही शेवटची, एकोणिसावी. नंतर पोरगा वाढत नाही."

"आणि बंद असते तेव्हा? दीड हात?"

"नऊ-दहा महिन्यांचं मूल," मास्तर म्हणाले. "धरून उभं राहतं तेव्हाचं."

मी त्यांना चहा आणायला पाठवलं. ते आधी माझ्याकडे बघत राहिले, कारण इतक्या वर्षांत चहा नेहमी मीच आणलाय. पण गेले. मी दांडी दाबली, कोपऱ्यातली काथ्याची दोरी घेतली आणि तिला पाटाशी घट्ट बांधून टाकलं. सात गाठी मारल्या. मग शेखरला फोन करून त्याच्या मावशीचा पत्ता मागितला. तो आढेवेढे घ्यायला लागला तेव्हा मी त्याची आई-बहीण काढली नाही इतकंच.

शेखरची मावशी, तनियारक्का, माळा गावात भाचीच्या घरी पुढच्या पडवीत बसली होती. सत्तरीची बाई, एका डोळ्यावर हिरवं फडकं, पुढ्यात सोललेल्या फणसाच्या आठळ्या. मी नाव सांगितलं, दुकान सांगितलं. तिच्या हातातली आठळी तशीच राहिली.

"तुझ्याकडे आहे होय तो," ती म्हणाली. "डोळा कापायला गेले आणि मागे त्या शेखऱ्याने माझा मुलगा विकला. वजनावर घेतलास?"

मी खाली बघितलं. वजनावरच घेतला होता.

"अक्का, ती वस्तू कशाची आहे? तीस वर्षांत मला असं कोड्यात कोणी टाकलं नाही."

"तुला कशी कळणार? दुसरी नाहीच ती. आमच्या यांच्या डोक्यातून निघाली." तिने पदराने हात पुसले. "माझा मुलगा नऊ महिन्यांचा असताना गेला. आपल्यात म्हणतात की पोर तिकडे वाढतं. आमच्या यांचं म्हणणं, वाढतं तर किती वाढलं ते कळायला नको का? उद्या लग्न लावायचं, सदरा शिवायचा, तर मापाचा शिवायचा की अंदाजाने? ओताऱ्याकडे गेले. पोराची पावलं मेणात उठवून घेतलेली होती, ती पाटावर घातली. दांडी केली. वर खाचा नव्हत्या तेव्हा."

"मग खाचा कोणी पाडल्या?"

"दर आटीच्या अमावास्येला आम्ही पाट पुसायचो, पान वाढायचो आणि दार ओढून बाहेर बसायचो. उघडून बघावं तर दांडी वर आलेली असायची. जिथे थांबली असेल तिथे दुसऱ्या दिवशी ओतारी येऊन खाच पाडून जायचा. एकोणीस वर्षं." हे ती इतक्या सहज सांगत होती की मला उठून जावंसं वाटलं. "बापापेक्षा तीन बोटं उंच झाला. हे सगळ्या गावाला सांगत फिरायचे."

"मग लग्न?"

"एकदा ठरलं होतं. पण मुलगी दोन वर्षांनी मोठी निघाली, आमच्या यांनी मोडलं. मेल्यावरसुद्धा यांना नवरी धाकटीच हवी. मग हेच गेले. एकट्या बाईकडे जिवंतांची स्थळं येत नाहीत, मेलेल्यांची कुठून येणार? पाट दोघांचा केलाय. उजवीकडे तो, डावीकडची जागा तिची. अजून कोरी आहे."

भाचीने ताक आणून दिलं, ते मी एका दमात प्यायलो.

"अक्का, तुमचा मुलगा दुकानात त्रास देतोय," मी म्हणालो. "दांडी रोज वर येते. पहिल्या दिवशी एक खाच, मग दोन, मग तीन. मी दाबतो, ती पुन्हा येते. आज नऊ होत्या."

तिने तो एकच डोळा माझ्यावर रोखला.

"कुठून वर येते? खालपासून?"

"हो. एकेक करत."

"तो माझा मुलगा नव्हे," तनियारक्का म्हणाली. "त्याचं वाढणं केव्हाच संपलं. एकोणिसाव्या खाचेनंतर आम्ही दांडी मिटवून ठेवली ती इतक्या वर्षांत कधी हलली नाही. खालपासून वाढतंय ते दुसरंच कोणी तरी आहे. तुझ्याकडे कोण आहे?"

पडवीच्या पन्हाळीतून पाणी पडत होतं. मी त्या पाण्याकडे बघितलं. मग सांगितलं. सुगंधीबद्दल मी वारिजाशीसुद्धा इतकं बोललो नव्हतो. ताप कसा आला, गाडी कशी मिळाली नाही, ती लुंगी धरून कशी उभी राहायची, सगळं.

"किती वर्षं झाली?"

"अठ्ठावीस."

"आणि आटीत पान वाढतोस ना तिचं? काय वाढतोस?"

"दूधभात. आणि झबलं."

फणसाची एक आठळी उचलून तनियारक्काने पुन्हा खाली ठेवली.

"एकोणतीस वर्षांच्या मुलीला दूधभात," ती हळू म्हणाली. "आणि झबलं. अरे देवा. आणि आता ती जरा पाठ सरळ करून उभी राहू बघते, तर रोज सकाळी बाप येऊन डोक्यावर हात ठेवतो आणि दाबतो."

मी उठलो. आज सकाळी बांधलेल्या सात गाठी मला आठवल्या. खांबाला धरून उभा राहिलो.

"बस येईल, जा तू," ती म्हणाली. मग मी पायरी उतरत असताना तिने मागून विचारलं, "बरी कुठली तुमची?"

बरी म्हणजे कुळ, ते आमच्याकडे आईकडून येतं आणि एका बरीत लग्न होत नाही. लग्नाच्या बोलणीत पहिला प्रश्न हाच असतो.

"तिच्या आईची सुवर्ण."

"आम्ही बंगेर. जमतं." तिने बोटं मोजली. "माझा एक्केचाळीसचा आहे. बारा वर्षांचं अंतर. एवढं चालतं. घरी विचारून सांग."

"आणि ती वस्तू? ती परत आणून देऊ का?"

"आत्ता नको. तिला सोय झालीय. राहू दे तुमच्याकडे, होणारा जावई आहे."

बसला कार्कळला पोचायला तासभर लागतो. त्या तासात मी वारिजाला फोन केला, दुकानावर ये एवढंच सांगितलं. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण ती माझ्याआधी पोचली होती, बंद शटरसमोर छत्री धरून.

आत गेल्यावर मी दिवा लावला. वस्तू होती तिथेच होती, काथ्याने बांधलेली. मी खाली बसून गाठी सोडायला लागलो. पावसाळ्यात काथ्या फुगतो, गाठी सुटत नव्हत्या. वारिजा म्हणाली कापा, पण मला कापायचं नव्हतं. मी एकेक करून सातही सोडल्या आणि सोडताना तिला सगळं सांगितलं.

दोरी निघाली तरी दांडी हलली नाही. मी वाट बघितली. रस्त्यावरून दोन रिक्षा गेल्या.

"ती घाबरलीय तुम्हाला," वारिजा म्हणाली. "मागे व्हा."

मी मागे सरलो. हात पाठीशी बांधले, शाळेत मास्तरांसमोर बांधायचो तसे. आणि म्हणालो, "सुगंधी, ऊठ बाळा." लगेच वाटलं, बाळ म्हणायला नको होतं.

टक.

थोड्या वेळाने पुन्हा टक. मग एकामागून एक. पाच, सहा, सात. माझ्या कमरेशी आली. माझ्या छातीशी आली. नवव्या खाचेला थांबली तेव्हा मला वाटलं संपलं, पण ती फक्त दम खात होती. दहा. अकरा. अठ्ठावीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर एवढ्या वेळात झाली आणि त्यातलं मी काहीच बघितलेलं नव्हतं. शाळेत जाताना नाही, तापातून उठताना नाही, भावाशी भांडताना नाही. मी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

तेराव्या खाचेच्या वर आणि चौदाव्याच्या खाली, जिथे खाचच नाही, अडकायला काही म्हणजे काही नाही, तिथे दांडी थांबली आणि तशीच उभी राहिली.

वारिजा पुढे झाली. चपला काढून पाटासमोर उभी राहिली आणि आपल्या डोक्यावरून दांडीकडे हात सपाट नेला.

"माझ्यापेक्षा दोन बोटं उंच," ती म्हणाली. "तुमच्या आईवर गेलीय."

मी खिशातून पुठ्ठ्याची चिठ्ठी काढली. सवय. काम लिहायच्या जागी पेन टेकवलं आणि काहीच न लिहिता चिठ्ठी परत खिशात ठेवली. वारिजाने पर्समधून टेप काढला आणि दांडी मोजली. साडी काय कोणालाही होते, पण पोलकं मापाचं लागतं, म्हणाली.

पुढचं सगळं रीतीने झालं. तनियारक्काकडची तीन माणसं आली, आमची चार गेली, सुपारी फुटली. पै मास्तर दोन्हीकडून जेवून आले आणि आपला विश्वास नाही हे दोन्हीकडे सांगून आले. लग्न अमावास्येनंतरच्या गुरुवारी ठरलं. अविवाहितांनी हे लग्न बघायचं नसतं, म्हणून ज्याच्यासाठी एवढा खटाटोप त्या कीर्तनला मंगळूरलाच थांबायला सांगितलं. तो फोनवर एवढंच म्हणाला, "बाबा, अक्काला माझ्यातर्फे काही तरी चांगलं घ्या." जिला त्याने कधी बघितलं नाही तिला तो अक्का म्हणाला.

अमावास्येला संध्याकाळी आम्ही गेलेल्यांची पानं वाढली. पाट घरी आणून ठेवला होता, त्याच्यासमोर सुगंधीचं पान. या वेळी वारिजानेच सगळं केलं. तांदळाची कुरकुरीत रोट्टी, कोंबडीचा रस्सा, बांगड्याचं तिखट, लोणचं, उकड्या तांदळाचा भात. झबल्याच्या जागी मोरपंखी साडी आणि मापाचं पोलकं.

"तिखट झेपेल ना तिला?" मी विचारलं.

"माझी मुलगी आहे ती."

सगळं मांडून झालं आणि वारिजा दिवा आणायला वळली. तेव्हा मी एक गोष्ट केली. ती करू नये हे मला कळत होतं. लहान वाटीत दूधभात कालवलेला होता, तो मी पदार्थांच्या मागे, पानाला चिकटून ठेवला. एवढ्या वर्षांचा हात एका दिवसात कसा थांबणार?

दार ओढून आम्ही बाहेर ओटीवर बसलो. आतून काही आवाज आला नाही. पाऊस थांबलेला होता. वारिजाने विडा लावून दिला, तो मी न खाता हातात धरून ठेवला. एक उदबत्ती जळून संपायला लागतो तेवढा वेळ गेल्यावर आम्ही दार उघडलं.

पान जसंच्या तसं होतं. रोट्टी तशीच, रस्सा तसाच, साडीची घडी तशीच. दांडी आपल्या जागी उंच उभी. फक्त दूधभाताची वाटी पानाजवळ नव्हती. कोणी तरी ती हातभर लांब, दाराच्या दिशेने, सरकवून ठेवली होती.

वारिजाने माझ्याकडे बघितलं. मी वाटी उचलली, मागच्या दारी गेलो आणि दूधभात मांजराला घातला.